अर्धा सूर खाली

आमच्या दादाला कुणी विचारलं, "आपण काय करता?" की तो सांगतो, "कंडक्टर आहे." समोरचा लगेच विचारतो, "कुठल्या रूटला?" हा विनोद आमच्या घरात इतका शिळा झालाय की आता त्याला कुणी कपाळावर आठीसुद्धा घालत नाही. दादा पोरांचा ऑर्केस्ट्रा चालवतो. बंद पडलेल्या एका कारखान्याचं कॅन्टीन त्याला सरावासाठी मिळालंय. शाळा सुटली की आसपासची पोरं पाठीवर व्हायोलिन नाहीतर अंगापेक्षा मोठा चेलो घेऊन तिथे जमतात आणि दादा त्यांच्यापुढे उभा राहून काडी हलवतो. मी त्याची धाकटी बहीण. ज्यांना अजून काहीच येत नाही अशा मागच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्यांना मी शिकवते. वहिनी पियानोवर बसते. आणि मुंगी, म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी, व्हायोलिनवाल्यांत सगळ्यात पुढे.

पियानो वहिनीच्या माहेरचा. टेम्पोतून उतरवताना तो हमालांच्या हातून निसटला आणि त्याच्या आतल्या लोखंडी चौकटीला तडा गेला. सूर लावायला आलेल्या माणसाने बॅटरी मारून आत पाहिलं आणि सांगितलं की तारा पुऱ्या ताणल्या तर ही चौकट कधीतरी मोडणार. मग त्याने तारा थोड्या थोड्या सैल करत पियानो खाली आणला. सगळ्या जगात वाद्यं एका ठरलेल्या सुरावर लावतात. आमचा पियानो त्याच्यापेक्षा अर्धा सूर खाली, म्हणजे शेजारच्या पट्टीइतका खाली, जाऊन थांबला आणि तिथे मात्र गुण्यागोविंदाने राहिला. वहिनीला तो टाकवेना. पियानो वर नेता येत नाही म्हटल्यावर दादाने अख्खा ऑर्केस्ट्रा खाली आणला. व्हायोलिनला काय, खुंटी जरा सैल केली की झालं. फुंकायच्या वाद्यांना खुंट्या नसतात. क्लॅरिनेट शिकवायला आलेले एक सर महिना-दोन महिने नळ्या बाहेर ओढओढून थकले आणि "तुम्ही आपली घासायचीच वाद्यं ठेवा," म्हणून निघून गेले. तेव्हापासून आमच्याकडे फुंकणारं कुणी नाही.

मी इथे उशिरा आले. त्याआधी बरीच वर्षं एका मोठ्या वाद्यवृंदात वाजवत होते. तो बंद पडला तेव्हा दादा म्हणाला, "ये इकडे, पोरं खूप आहेत." पहिल्याच दिवशी पोरांनी सूर जुळवायला घेतले आणि त्यांचा सूर माझ्या व्हायोलिनशी जुळेना. मी दादाला बाजूला घेतलं.

"अरे, हे खाली आहे."

"माहीत आहे."

"चांगलं अर्धा सूर खाली आहे."

"सगळेच खाली आहेत ना? मग कुणीच खाली नाही," दादा म्हणाला आणि हसला. त्याच्या हसण्यावर आमची आईसुद्धा फसायची. मी वाद घातला नाही असं नाही. वाद घालणं हा माझा धर्मच आहे, म्हणून तर माझं कुणी मनावर घेत नाही. खिडकीच्या काचेपासून पोरांच्या नखांपर्यंत मी रोज कशावर तरी बोलते, त्यात हेही एक.

मुंगीचा कान कसा आहे हे मला आल्यानंतर काही दिवसांनी कळलं. लहानपणी ती सरावाच्या वेळी पियानोखाली चेलोच्या उघड्या पेटीत झोपायची. बोलायला लागली तेव्हाच तिला सुरांची ए, बी, सी अशी नावं यायला लागली. कुठलाही आवाज ऐकवा, ती नाव सांगणार. चमच्याने पेला वाजवा, ट्रकचा हॉर्न ऐकवा, दाराची कडी हलवा, मुंगी मान वर न करता सांगणार, "डी." असा कान हजारांत एखाद्याला असतो. पाहुणे आले की वहिनी तिला बोलवायची आणि पाहुणे तोंडात बोट घालायचे. मी तेवढी एकदा सूर मोजायचं यंत्र बाहेर काढलं. तिची सगळी नावं चुकत होती. एकही इकडे-तिकडे नाही, सगळी बरोबर एकेका पायरीने. ती ज्याला ए म्हणत होती तो तिच्या आईच्या पियानोवरचा ए होता. जगातला नव्हता.

मी दादाला सांगितलं. "मोठी झाली की होईल सरळ," तो म्हणाला. "कान आहे, काही पाठीचा कणा नाही." त्याला खरंच तसं वाटत होतं. असा कान एकदा घट्ट बसला की बसला, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही पुरतं ठाऊक नव्हतं. आम्हा दोघांचे कान साधे, चारचौघांसारखे. वर लावा, खाली लावा, आम्ही आपले गज ओढणार.

मुंगी अठरा वर्षांची झाली. राजधानीच्या संगीत महाविद्यालयात अठरा वर्षांपर्यंतच घेतात, त्यामुळे परीक्षेला बसायचं ते याच वर्षी. ती दुसरं काही शिकलीच नव्हती. शाळेच्या अभ्यासात तिची रडकथा होती, गणितात तर मास्तर तिला वर ढकलायचे. पण व्हायोलिन हातात घेतलं की ही पोरगी कुठून कुठे जायची ते मी पाहिलंय. मी आयुष्यभर जे वाजवलं ते हिच्यापुढे पाट्या टाकणं होतं. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण पोरं शेफारतात. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

परीक्षेच्या महिनाभर आधी दादाने तिचं व्हायोलिन पहिल्यांदा वर लावलं, जगाच्या सुरावर. मुंगीने एक गज ओढला आणि व्हायोलिन खाली घेतलं.

"बाबा, हे दुसरंच काहीतरी वाजतंय."

"सवय होईल."

"बोट ए वर आहे आणि ऐकू दुसरंच येतंय."

"बोटावर विश्वास ठेव," दादा म्हणाला. "कानाकडे लक्ष देऊ नकोस."

पोरांना जन्मभर 'कान उघडे ठेवा' म्हणून ओरडणारा माणूस आपल्या मुलीला असं सांगत होता. मी तिथेच होते. मुंगीने दात-ओठ खाऊन सराव केला. रोज सरावानंतर तिचं डोकं दुखायचं, कधी कधी उलटी व्हायची. वहिनी म्हणायची परीक्षेचा ताण. साथीला पियानो घेऊन सराव करता येत नव्हता, कारण आमचा पियानो खाली, ती वर. एकटी वाजवायची तेव्हा बोटं पाठ असल्यामुळे ठीक जायचं, म्हणून आम्हालाही वाटलं की जमलं.

परीक्षेला दादा, मुंगी आणि मी असे तिघं गेलो. महाविद्यालयाची इमारत जुनी होती, कॉरिडॉरमध्ये रांगेने खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीवर गुडघे हलवणारं एखादं पोर. मुंगी शांत होती. तिने निळा शर्ट इस्त्री करून घातला होता, आणि हात गरम राहावेत म्हणून ते काखेत धरून बसली होती. नाव पुकारल्यावर ती उठली, दादाने तिच्या पाठीवर थाप मारली, दार लागलं.

आतलं बाहेर चांगलं ऐकू येत होतं. सुरुवातीचा भाग एकट्या व्हायोलिनचा. तो तिने असा वाजवला की समोरच्या खुर्चीवरच्या पोराचे गुडघे थांबले. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी मनातल्या मनात म्हटलं, चला, जिंकलं. मग साथीचा पियानो सुरू झाला.

पहिल्या दोन ओळी तिने बोटांच्या जोरावर धरून ठेवल्या. मग एक लांब सूर आला. लांब सुरावर बोट स्थिर ठेवावं लागतं आणि कान त्याला जागेवर बसवतो, प्रत्येक वाजवणाऱ्याचं हे आपोआप होतं. मुंगीच्या कानाने त्या सुराला त्याच्या जागेवर बसवलं. तिच्या जागेवर. पियानोच्या अर्धा सूर खाली. तिला चूक कळली, तिने बोट वर सरकवलं, पुढच्या सुरावर पुन्हा खाली आली. एखाद्याला दोन्ही कानांत दोन माणसं वेगवेगळे आकडे ओरडून सांगतायत आणि त्याला बेरीज करायची आहे, तसं ते चाललं होतं. दादाने डोळे मिटून घेतले. आतून कुणीतरी "थांबा, पुन्हा पहिल्यापासून," म्हणालं. पुन्हा तेच झालं. त्यानंतर सूर ओळखायची परीक्षा होती. पियानोवर एकेक सूर वाजत होता आणि मुंगी उत्तर देत होती. तिचा आवाज ठाम होता. एकदाही अडखळली नाही. मी बाहेर बसून ऐकत होते आणि यंत्राशिवायही मला ठाऊक होतं की प्रत्येक उत्तर एका पायरीने चुकतंय.

थोड्या वेळाने परीक्षकांपैकी एक बाई मुंगीला घेऊन स्वतः बाहेर आल्या. केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

"इतका पक्का कान मी फार वर्षांत ऐकला नाही," त्या म्हणाल्या. "पण तो चुकीच्या जागी पक्का झालाय. इथे तिला रोज शंभर जणांबरोबर वाजवावं लागेल. ते तिला जमणार नाही, आणि जबरदस्तीने जमवायला गेलं तर वेड लागायची पाळी येईल."

"प्रयत्न केला तर बदलेल ना?" दादाने विचारलं.

"पाच-सहा वर्षांची असती तर बदलला असता. आता नाही. मी अशी दोन मुलं पाहिली आहेत, दोघांनीही वाजवणं सोडलं." मग त्यांनी सहज विचारलं, "लहानपणी कुणाकडे शिकली ही?"

"माझ्याकडे," दादा म्हणाला.

बाईंनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

परतीच्या बसमध्ये मुंगी खिडकीशी बसली, दादा तिच्या शेजारी, मी मागे. मग मुंगीने खिडकीतून नजर न काढता विचारलं, "बाबा, आपण खाली वाजवतो हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आत्यालाही?"

"हो," मी मागून म्हणाले.

"आईला?"

दादाने तिची पेटी आपल्या मांडीवर ओढून घेतली. ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती रडली नाही, आणि मला त्या मुलीची त्या वेळी भीती वाटली.

घरी आल्यावर वहिनीला सगळं कळलं. तिने पियानोला नावं ठेवली नाहीत, दादालाही नाही. मुंगीसाठी ताट वाढलं, ती उठून गेल्यावर तसंच झाकून ठेवलं, आणि मला म्हणाली, "मी तिला पाहुण्यांपुढे उभी करायचे गं." एवढंच.

चार-पाच दिवसांनी मुंगी सरावाला आली. सगळी पोरं तिच्याकडे चोरून बघत होती. दादाने नेहमीसारखी वाद्यं जुळवून घेतली, वहिनीच्या पियानोवरून, अर्धा सूर खाली. मुंगीने तारांवर गज ठेवला आणि वाजवायला लागली. तिच्या खांद्यांवरचे ताण एकेक करून सुटताना मला मागून दिसत होते. तेवढा वेळ ती आमची पहिल्यासारखी मुंगी झाली. दादालाही ते दिसलं असणार.

सराव संपल्यावर पोरं स्टँड गोळा करत होती. मी दादाला म्हटलं, "आता तरी वर लाव. शाळेकडे इलेक्ट्रिक कीबोर्ड पडून आहे, तो आणू. मी उद्याच बोलते."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"वर लावलं तर ती इथेही बसू शकणार नाही." दादा काडी पुसत होता. त्या काडीला पुसण्यासारखं काही नसतं. "बाहेर कुठेच नाही वाजवता येणार तिला. एक खोली तरी राहू दे. मी आहे तोवर हे असंच राहणार."

"आणि बाकीच्या पोरांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"बाकीच्यांचे कान साधे आहेत. त्यांना काही होत नाही."

मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्या जागी मीही हेच केलं असतं असं वाटलं. मी खुर्च्या एकावर एक रचायला लागले.

आमच्याकडे एक पाच वर्षांची पोर नुकतीच यायला लागली होती, गोल चेहऱ्याची. तिला सगळे वाटाणा म्हणतात. तिचं व्हायोलिन जेमतेम हातभर. घरून न्यायला येईपर्यंत ती कॅन्टीनभर फिरायची. त्या वेळी ती जुन्या वाढप-खिडकीच्या पत्र्याचं झाकण वर-खाली करत होती. पत्रा कुईं करून वाजला. वाटाणा स्वतःशीच म्हणाली, "एफ." पुन्हा झाकण ओढलं. "एफ. आणि आता जी."

मुंगी पेटी बंद करत होती. तिचे हात थांबले. मी यंत्र काढलं नाही, काढायची गरजच नव्हती. मुंगी वाटाण्याजवळ जाऊन बसली, खिशातून किल्ली काढून पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर आपटली. "हे काय?"

"बी," वाटाणा म्हणाली.

मुंगीने मान डोलावली. तिच्या कानाला ते बरोबरच वाटलं असणार. जगात असं वाटणारी आता दोनच माणसं होती. ती उठली आणि दादासमोर आली.

"बाबा, उद्यापासून वर लावा."

"मुंगे, जरा घरी बोलू."

"घरी काय बोलायचं? ती पाच वर्षांची आहे. त्या बाई काय म्हणाल्या होत्या?"

दादा वाटाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आणि तू?"

"माझं झालंय ते झालंय," मुंगी म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर दादाला सोपं गेलं असतं.

कीबोर्ड आला. वहिनीने पियानोचं झाकण लावलं आणि त्याच्याकडे पाठ करून नव्या कीबोर्डसमोर बसली. मी प्रत्येक पोरापाशी जाऊन खुंट्या पिळत होते, दोघा-तिघांच्या तारा तुटल्या, त्या बदलल्या. वाटाणा कावरीबावरी झाली होती. वहिनीने ए दिला तशी ती जोरात म्हणाली, "हा ए नाहीये."

मुंगी उठून तिच्या खुर्चीपाशी गेली, उकिडवी बसली. "हाच ए आहे," ती म्हणाली.

"नाही. हा ए नाही."

"मी सांगते ना. मी मोठी आहे की नाही? हाच ए आहे. आता रोज हाच ऐकायचा. घोळ झाला तर मला विचारायचं."

वाटाण्याने तिच्याकडे संशयाने बघितलं, मग मान हलवली. पोरं मोठ्यांवर विश्वास ठेवतात.

दादाने काडी उचलली आणि आम्ही सुरू केलं. मला सांगायला जड जातंय, पण आमचा ऑर्केस्ट्रा इतका चांगला कधीच वाजला नव्हता. ताणलेल्या तारांचा आवाज मोकळा निघाला, खोलीभर पसरला. मागच्या रांगेतली माझी ढ पोरंसुद्धा एकमेकांकडे बघून हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "आज काय भारी वाटतंय." आणि सगळ्यांच्या पुढे मुंगी बोटांवर डोळे लावून वाजवत होती. एकेक सूर चुकवत होती, सावरत होती, पुन्हा चुकवत होती. शेजारचा पोरगा तिच्यामुळे बिथरून बेसूर व्हायला लागला. तिच्या ते लक्षात आलं. तिने गज तारांवरून उचलला आणि पान संपेपर्यंत व्हायोलिन मांडीवर घेऊन बसली. पान संपलं तेव्हा ती उठली, पेटी घेतली, आणि कुणाला धक्का लागू नये म्हणून भिंतीच्या कडेने दाराकडे गेली. दादाने तिला जाताना पाहिलं.

पुढची खुर्ची कधी रिकामी ठेवायची नसते. कुणी आजारी असलं, कुणी सोडून गेलं, तर मागच्याने पुढे सरकायचं, हे पोरांना आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो. आता त्यांना सांगावं लागत नाही. शेजारचा पोरगा मुंगीच्या खुर्चीवर सरकला, त्याच्या जागी मागचा आला, त्याच्या जागी त्याच्या मागची, असं करत सगळी रांग एकेक खुर्ची पुढे आली. दादा काडी खाली धरून शेवटचं पोर बसेपर्यंत थांबला. मग त्याने हात वर केला.